पगार थकला आणि वऱ्हाड गेलं

२१ मे १८५३ रोजी हैदराबादेत एक तह झाला. एका बाजूला निजाम नासिरुद्दौला, दुसऱ्या बाजूला रेसिडेंट कर्नल जॉन लो, आणि लोच्या पाठीशी कलकत्त्यात बसलेला डलहौसी. या तहानं वऱ्हाड, धाराशिवकडचा मुलूख आणि रायचूरचा दुआब कंपनी सरकारच्या कारभारात गेला. ना तोफ उडाली, ना कुठल्या किल्ल्याला वेढा पडला. १८०३ साली इंग्रज-मराठे लढाईत अडगावला आणि गाविलगडावर माणसं मेली होती, देवगावच्या तहानं नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडातला हिस्सा जवळजवळ संपला होता आणि भोसले-निजामाची दुअंमली मिटून बहुतेक मुलूख एकट्या निजामाच्या पदरात पडला होता. पन्नास वर्षांनी तोच मुलूख निजामाच्या हातून निसटला, तो लढाईत हरून नव्हे. फौजेचा पगार थकला होता, एवढंच.

ही फौज मोठी चमत्कारिक. नाव निजामाचं, खर्च निजामाचा, हुकूम मात्र रेसिडेंटचा. १८१३ च्या सुमारास हेन्री रसेल या रेसिडेंटनं ती उभी केली, म्हणून आधी तिला रसेल ब्रिगेड म्हणत. पुढे तीच निजामाची कंटिन्जंट झाली. अधिकारी गोरे, कवायत गोरी. पेंढाऱ्यांचा आणि मराठ्यांचा प्रश्न १८१८ साली निकालात निघाला, तरी फौज काही निकालात निघाली नाही. अचलपूरजवळ, आज ज्याला परतवाडा म्हणतात तिथे, तिची छावणी होती. हिंगोलीला होती, औरंगाबादलाही होती. शत्रू उरला नव्हता आणि महिना काही चुकत नव्हता. गोऱ्या अधिकाऱ्यांमध्ये तेव्हा एक थट्टाच चालायची, की काहीही मागवा, बिचारा निजाम आहेच पैसे भरायला.

निजामाच्या खजिन्यात रोकड नव्हती. दिवाण चंदुलालनं वाट काढली ती कर्जाची. हैदराबादेत विल्यम पामर कंपनी नावाची पेढी होती. तिनं शेकडा चोवीस-पंचवीसच्या व्याजानं पैसा पुरवला, १८२० साली तर साठ लाखांचं कर्ज मंजूर झालं. चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला आणि त्यानं वह्या तपासल्या, तेव्हा पामरचं बिंग फुटलं. मग पारशी सावकार पुढे आले. पेस्तनजी-विकाजी या पेढीनं १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून मुंबईला धाडायला सुरुवात केली होती. त्याच पेढीकडे पुढे वऱ्हाडच्या वसुलाचं गहाण आलं. तेही फार दिवस टिकलं नाही. दरबारानं त्यांना बाहेर काढलं. अखेरीस कंपनी सरकारनंच आपल्या तिजोरीतून फौजेला पगार वाटायचा आणि तो निजामाच्या नावावर मांडायचा, असं सुरू झालं. १८५३ साली ही बाकी ४५ लाखांच्या घरात गेली होती. डलहौसीनं रोख मागितलीच नाही. त्यानं मुलूख मागितला, आणि मागताना कोणता मुलूख कापसाचा आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

तहात फौजेचा आकडाही घालून दिला: पाच हजारांहून कमी नाही एवढं पायदळ, दोन हजार घोडा आणि तोफखान्याच्या चार तुकड्या. त्यांचा पगार वऱ्हाडच्या महसुलातून परस्पर निघायचा. १८६० साली नवा तह झाला. ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत गेले, वऱ्हाड मात्र राहिलं ते राहिलंच. आणि ५ नोव्हेंबर १९०२ ला कर्झननं निजाम महबूब अली खानाकडून सालीना २५ लाखांवर ते कायमच्या पट्ट्यानं घेऊन टाकलं. वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्याची आजची सगळी वंशावळ या थकलेल्या पगारापासून सुरू होते म्हटलं तर इतिहासकार फारसे भांडणार नाहीत.

आता गंमत अशी, की पगार हा शब्द तहात नव्हता, दरबारातही नव्हता. हैदराबादच्या दप्तरात तनखा होता, मुशाहिरा होता, दरमहा होता. मराठ्यांच्या दप्तरात याशिवाय रोजमुरा, नालबंदी, नेमणूक, वर्षासन असे शब्द. रोजमुरा म्हणजे शिपायाच्या पोटापुरती उचल, नालबंदी म्हणजे स्वाराला मोहिमेआधी दिलेली आगाऊ रक्कम. पगार हा शब्द तेव्हा कोकण किनाऱ्यावर नांदत होता आणि वऱ्हाडात यायला त्याला अजून आगगाडीची वाट पाहायची होती.

पण ज्या गोष्टीपायी वऱ्हाड गेलं तीच गोष्ट या शब्दाच्या पोटात दडलेली आहे. अठराव्या शतकातली फौज पगारासाठी काय करायची ते आठवून पाहा. पगार तुंबला की शिपाई सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणं धरून बसत. सरदाराला अन्न नाही, पाणी नाही, बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. शिंद्यांच्या छावणीत १८०९ च्या सुमारास राहिलेल्या ब्राउटन नावाच्या इंग्रजानं असली धरणी पाहून लिहून ठेवली आहेत. हैदराबादेत अरब आणि रोहिले तर दिवाणाच्या दारातच ठाण मांडत. मग कुणीतरी मध्यस्थ पडायचा, थोडी रोकड, थोड्या हुंड्या, थोड्या शपथा असं करून माणसं उठवली जायची. पेशवाईतल्या पत्रांमध्ये यासाठी मोठा नेमका शब्द आहे: फौजेची समजावीस. पैसे दिले असं म्हणायचं नाही, समजावीस केली म्हणायचं. माणसं रागावली होती, ती शांत झाली.

रोमन लोक हेच म्हणत होते. लॅटिनमध्ये शांततेला पाक्स म्हणत आणि त्यावरून पाकारे हे क्रियापद झालं: शांत करणं. सुरुवातीला हा शब्द मोठा राजेशाही होता. सम्राट ऑगस्टसनं आपल्या कारकिर्दीचा जो ताळेबंद ब्राँझच्या स्तंभांवर कोरवला त्यात गॉल, हिस्पानिया आणि चाचे माजलेला समुद्र आपण शांत केला असं सांगताना हेच क्रियापद वापरलं आहे. शांत केला म्हणजे काय केलं, हे गॉलच्या लोकांना विचारायला हवं होतं. पुढे साम्राज्य खिळखिळं झालं, तलवारीनं शांत करणं परवडेनासं झालं, आणि शब्द बाजारात उतरला. दारात बसलेल्या धनकोला शांत करायचं म्हणजे त्याचे पैसे टाकायचे. भांडणात मारल्या गेलेल्या माणसाच्या भावकीला शांत करायचं, तेही पैशानंच. हळूहळू रागावलेला माणूस वाक्यातून निघून गेला आणि नुसते पैसे उरले.

लॅटिनच्या लेकी पुढे जिथे जिथे नांदल्या तिथे तिथे हा शब्द त्यांनी नेला. इटालियनमध्ये पागारे, स्पॅनिश, कॅटलान आणि पोर्तुगीजमध्ये पागार, फ्रेंचमध्ये तो झिजून पेये झाला आणि नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात जाऊन पे झाला. सगळीकडे अर्थ एकच, पैसे देणं. पण जुन्या अर्थाचे तुकडे ठिकठिकाणी सापडतात. इटालियनमध्ये पागो म्हणजे तृप्त, आप्पागारे म्हणजे इच्छा पुरी करणं. स्पॅनिशमध्ये एखादा स्वतःवर फार खूश असला तर त्याला स्वतःपुरता पागादो म्हणतात, म्हणजे स्वतःकडूनच सगळी वसुली झालेला. जुन्या फ्रेंचमध्ये या क्रियापदाचे दोन्ही अर्थ काही शतकं शेजारी शेजारी राहत होते, पैसे देणं आणि रुसलेल्याची समजूत काढणं.

पूर्वेकडच्या लेकीनं, म्हणजे रुमानियननं, वेगळंच केलं. ती पडली स्लाव्ह भाषांच्या गराड्यात. पैसे देण्यासाठी तिनं स्लाव्ह शब्द उचलला, आणि पाकारेचं रूप, आजचं इंपका, भांडण मिटवणं, समेट करणं याच मूळच्या अर्थानं जपून ठेवलं. पश्चिमेला सगळ्यांनी शब्द विकून पैसा केला, पूर्वेला एकीनं तो तसाच ठेवला.

आणि स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये आपागार म्हणजे विझवणं. आग, मेणबत्ती, दिवा. पाकारेलाच एक उपसर्ग लागला आणि जाळाला शांत करणं एवढा अर्थ राहिला. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आपल्या घरात संध्याकाळी दिवा विझव असं कुणी म्हटलं तर आजी अजूनही दटावते, दिवा शांत कर म्हण. स्पेनमध्ये वीज गेली तर तिला आपागोन म्हणतात. वऱ्हाडात उन्हाळ्यात हा शब्द फार चालला असता.

भाषेचे अभ्यासक याच्याही मागे जातात. पाक्सचं मूळ बांधणं, घट्ट बसवणं या अर्थाच्या धातूत आहे, कारण तह म्हणजे दोघांना बांधून टाकणं. संस्कृतातला पाश त्याच धातूचा मानतात. महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला पगाराची वाट पाहणाऱ्याला या व्युत्पत्तीसाठी पुरावा लागणार नाही.

पोर्तुगीज गोव्यात आले १५१० साली. वसई १५३४ साली त्यांच्याकडे गेली आणि चिमाजी अप्पांनी १७३९ साली घेईपर्यंत, दोनशे पाच वर्षं, त्यांच्याकडेच राहिली. चौल, दमण, साष्टी हा सगळा पट्टा त्यांच्या अंमलाखाली होता. मठ बांधायला गवंडी लागत, जहाजं बांधायला सुतार लागत, घरात आचारी लागे. या माणसांना बलुतं मिळत नव्हतं, कारण मालक गावचा नव्हता. मिळत होते ते ठरलेले पैसे. मालकाच्या तोंडून जे क्रियापद पुन्हा पुन्हा कानी पडलं तेच लोकांनी नाम करून टाकलं. गोव्याकडे पाग म्हणतात, घाटावर पगार. पोर्तुगीजमध्ये पगाराला पगार म्हणत नाहीत बरं का, तिकडे त्यासाठी वेगळे शब्द आहेत. पण लिस्बनचा माणूस आज हे क्रियापद उच्चारतो तेव्हा पहिला स्वर आखूड आणि गार लांब, अगदी मराठीसारखाच ऐकू येतो.

या वाटेनं आलेल्या शब्दांची यादी केली तर फळं-भाज्या बऱ्याच निघतात, अननस, पोपई, बटाटा, काजू. पण मला कामाचे शब्द जास्त ओळखीचे वाटतात. घमेलं हे गामेलावरून, लॅटिन कामेल्लावरून. रोममध्ये ते लाकडी भांडं होतं. चावी हे लॅटिन क्लाविसवरून. इटालियनमध्ये तीच कियावे, स्पॅनिशमध्ये याव्हे, फ्रेंचमध्ये क्ले. पोर्तुगीज आज तिला शाव्ह म्हणतात, सोळाव्या शतकात मात्र त्यांच्या जिभेवर च होता, आणि त्यांनी टाकून दिलेला तो च आपण सांभाळला. गोव्यात आसगावला जन्मलेले पाद्री सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ साली कोइंब्राहून काढला. भारतात बसून पोर्तुगीजांनी चारशे वर्षांत जे केलं त्यातलं जे टिकाऊ निघालं ते या कोशात आहे.

मुंबई १६६१ साली हुंड्यात इंग्रजांकडे गेली, पण नोकरमाणसांची बोली पोर्तुगीज वळणाचीच राहिली. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी हॉब्सन-जॉब्सन हा कोश छापला. त्यात पगार आहे, आणि तो मुंबईच्या घरगुती नोकरांच्या बोलीतला शब्द म्हणून आहे. तोवर मात्र तो बंगल्यांच्या मागच्या दारातून बाहेर पडला होता. गोदी, गिरण्या, आणि १६ एप्रिल १८५३ पासून आगगाडी. तारखा जवळजवळ ठेवून पाहाव्यात. बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली त्यानंतर पाच आठवड्यांनी वऱ्हाडचा तह झाला. एकीकडे कापसाचा मुलूख हाती आला, दुसरीकडे तो कापूस ओढून नेणारं यंत्र चालू झालं.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. जी.आय.पी.चे रूळ थळघाट चढून भुसावळवरून पूर्वेला सरकत गेले. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ साली नागपूर गाठलं. १८७० साली लॉर्ड मेयो स्वतः खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला आला. कापसासाठी व्हाइसरॉयनं इतकी वाट वाकडी करावी यावरून काय ते समजावं.

मूर्तिजापूर तेव्हा मोठं गाव नव्हतं. तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यात होता, मग अकोल्याकडे आला. जागा मात्र मोक्याची होती. उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर. दक्षिणेला कारंजा, दारव्हा, यवतमाळ. दोन्हीकडून कापसाच्या गाड्या इथे यायच्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रज पेढीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि या गाड्यांच्या वाटांवर अडीच फुटी रूळ टाकले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६-७७. लोकांनी पुढे तिला शकुंतला म्हटलं. एका टोकाला परतवाड्याची ती छावणी, जिच्या पगारापायी सगळं घडलं, आणि मधोमध मूर्तिजापूर, जिथे आता वेगळ्याच फौजेला पगार मिळू लागला.

ही फौज गँगवाल्यांची. मुकादमाच्या हाताखाली सात-आठ माणसं, प्रत्येक तुकडीकडे लाईनीचा ठरलेला टप्पा. पहाटे एकजण निघायचा, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा. रूळ आणि स्लीपर यांना धरून ठेवणारी पाचर सैल झाली आहे का हे तो आवाजावरून ओळखायचा. घट्ट पाचर टणकन वाजते, सैल भदभदते. पाचरीला चावी म्हणत आणि त्याला चावीवाला. मागून बाकीचे घमेल्यानं खडी भरत यायचे. महिन्याच्या ठरल्या दिवशी पगाराचा बाबू यायचा, लोखंडी पेटी, पेटीला राखण. मस्टरवर नाव पुकारलं की डाव्या हाताचा अंगठा शाईत, मग कागदावर, मग त्या हाताची शाई धोतराला. चावी, घमेलं, पगार. टायबरच्या काठचे तीन शब्द लिस्बनवरून फिरून पूर्णेच्या खोऱ्यात एका माणसाच्या एका दिवसात येऊन बसले होते, आणि त्याला वाटत होतं ते आपल्या आजोबांचे आहेत. ते बरोबरच होतं.

त्याच मस्टरवर दुसरा शब्द असायचा: रजा. हा अरबी. रजा, राजी, राजीनामा ही सगळी एका धातूची मंडळी, आणि तो धातू आहे संतुष्ट होणं, प्रसन्न होणं असा. मुर्तझा हे नाव त्याच धातूचं. ज्याच्यावर ईश्वर प्रसन्न आहे तो मुर्तझा. १५७४ साली वऱ्हाडची इमादशाही बुडवून तो मुलूख अहमदनगरला जोडणारा मुर्तझा निजामशहा, त्याच्यावरून मूर्तिजापूरचं नाव पडलं असं सांगतात. म्हणजे पगारी रजा हा शब्दप्रयोग मूर्तिजापूरच्या स्टेशनात जेव्हा कुणी पहिल्यांदा लिहिला असेल तेव्हा रोम आणि अरबस्तान, दोघांनीही त्या माणसाला संतुष्ट करायचा विडा उचलला होता. मंजुरी अर्थात भुसावळहून यायची.

कापसाच्या जिनांमध्ये गोष्ट जरा वेगळी होती. कापूस वेचायचा घरच्या आणि मजूर बायांनी. सरकी काढायची पूर्वी घराघरांत, लाकडी चरकीवर. वाफेचं जिन आलं आणि बाया-माणसं दिवाळीपासून होळीपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये रोलरपुढे उभी राहू लागली. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, हवेत तूस, नाकातोंडाला पदर. मिळायची ती रोजी, आणि तीही हंगामापुरती. पगार फक्त फिटरला, इंजिनवाल्याला आणि दिवाणजीला. एका छपराखाली रोजी आणि पगार अशा दोन जाती तयार झाल्या, आणि रोजीवाल्याला पगारवाल्याची ऐट दुरूनही ओळखू यायची.

गावात याआधी काय होतं? बलुतं होतं. सुतार, लोहार, न्हावी, परीट वर्षभर राबत आणि खळ्यावर त्यांचा वाटा घेत. सालदार होता. पाडव्याला बोली व्हायची: इतकी ज्वारी, इतके रुपये, घोंगडं, जोडा. साल पुरं होण्याआधी निघाला तर हिशेब बुडाला. सावकाराकडून उचल घेतली असेल तर साल संपलं तरी माणूस सुटत नसे. याला पाश म्हणायला व्युत्पत्तीचीही गरज नव्हती. तरी रेल्वेचा पगार आला म्हणून बलुतं लगेच मोडलं असं नाही. दोन्ही व्यवस्था पन्नास-साठ वर्षं एकाच गावात शेजारी राहिल्या, आणि परटाचा थोरला गावकी सांभाळतोय, धाकटा खलाशी झालाय, अशी घरं झाली.

परटाचं नाव निघालं म्हणून सांगतो. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला मामाकडे एक परटाचा पोरगा वाढला, डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म १८७६ चा, शेंडगावचा. मामाची जमीन सावकारानं कशी गिळली ते त्यानं उघड्या डोळ्यांनी पाहिलं. १९०५ साली घर सोडून गेला तो गाडगेबाबा झाला. ज्या काळात रोजी आणि पगाराचे आकडे गावागावात शिरत होते त्याच काळात हा माणूस अनोळखी शेतात राबायचा, गाव झाडून काढायचा आणि बदल्यात भाकर मागायचा, फार तर चटणी. रात्री कीर्तनात त्याच लोकांना विचारायचा, कर्ज काढून सण करता का, देवाला बकरं मारता का. बलुत्यात जन्मलेला, बलुतं न घेणारा, पगारही न घेणारा. वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाच्या कुठल्याच रकान्यात तो बसत नाही, आणि मूर्तिजापुरात त्याच्या नावाच्या संस्थेशिवाय गावाचा पत्ता सांगता येत नाही.

शकुंतलेचं पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. स्वातंत्र्य आलं, रेल्वे सरकारी झाली, ही लाईन मात्र खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली आणि सरकारी रेल्वे तिच्या वापराचे पैसे कंपनीला चुकते करत राहिली. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं. शेवटी शेवटी माणसं इतकी कमी होती की गार्डच तिकीट फाडायचा आणि फाटक लावायला गाडीतलाच माणूस उतरायचा. २०१६ साली ब्रॉडगेजची घोषणा झाली. मग गाडीच थांबली. सावकार बदलतात, पैसे भरणारा तोच राहतो, हे वऱ्हाडला १८५३ पासून पाठ आहे, त्यामुळे कंपनीला पैसे भरत राहण्याच्या या करारावर इथल्या माणसाला इतरांइतकं नवल वाटलं नाही.

कापूस पिकवणाऱ्याला मात्र पगार हा शब्द कधीच मिळाला नाही. त्याचा शब्द चुकारा. १९७२ साली राज्यानं कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली आणि पणन महासंघाच्या केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. माल घातला की चिठ्ठी, चिठ्ठीवर चुकारा, चुकारा हप्त्यांनी. चुकतं करणं म्हणजे बाकी मिटवणं, देणेकऱ्याला मोकळं करणं; पाकारेच्या शेजारी बसेल असाच शब्द आहे. आणि १८५३ साली फौजेचं जे व्हायचं तेच चुकाऱ्याचंही व्हायचं, तो थकायचा. मग लोक तहसीलसमोर धरणं धरून बसायचे, पुढारी यायचा, तारीख द्यायचा, समजावीस व्हायची. फरक एवढाच की शिंद्यांच्या छावणीत सरदार डेऱ्यात कोंडला जायचा. इथे तो मुंबईत असायचा.

वेचणीचा दर आजही किलोवर ठरतो आणि तो वेचणारीच्या हातात बाजाराच्या दिवशी पडतो. शिक्षक, तलाठी, बँकवाला, रेल्वेवाला यांचा पगार महिन्याला खात्यात पडतो. मूर्तिजापूर-दर्यापूरकडे स्थळ पाहायला गेलं की चहा यायच्या आत प्रश्न येतो, "पोट्टा नोकरीवर हाय ना? पगार किती?" मुलाच्या बायोडेटात शेती असते, बागायत-कोरडवाहू, एकरांसकट, विहिरीसकट. ती पगाराच्या ओळीखाली लिहितात.